अँटेनावर चित्र स्वच्छ, पण गाईड कोरं: चॅनेलवाल्यांच्या भांडणात रेकॉर्डिंग कसं लावायचं?

मुग्धा_ओहायो | मंगळवार, रात्री ९:१२

मंडळी, मदत हवी आहे. प्रश्न तांत्रिक आहे, पण त्याचं मूळ सासरे आहेत.

बाबा (सासरे) सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. तिसऱ्याच दिवशी त्यांना 'व्हील ऑफ फॉर्च्युन' हा शब्द ओळखायचा खेळ सापडला. दुकानात इंग्रजी बोलायचं म्हटलं की अजून माझ्या मागे उभे राहतात, पण टीव्हीवरच्या मोकळ्या चौकटी माझ्या मुलांच्या आधी भरतात. संध्याकाळी आम्ही बरेचदा बाहेर असतो, म्हणून डिशच्या बॉक्सवर रोजचं रेकॉर्डिंग लावून दिलं होतं. जेवण झालं की कार्यक्रम सुरू.

दहा दिवसांपूर्वी आमची डिश कंपनी आणि तो कार्यक्रम दाखवणारं इथलं लोकल स्टेशन यांचं पैशांवरून फाटलं. दोघांचीही नावं लिहीत नाही, दोघंही सारखेच. चॅनेल लावलं की डिशवाल्यांची पाटी येते, 'आम्ही तुमच्यासाठी लढत आहोत'. स्टेशनच्या वेबसाइटवर बघितलं तर तिथेही तेच वाक्य!

मग नवऱ्याने शनिवारी अ‍ॅटिकमध्ये अँटेना ठोकली आणि डिशच्या बॉक्सला तो यूएसबीवाला ट्यूनर (अँटेनाचं सिग्नल पकडणारा) लावला. चित्र डिशपेक्षाही छान आलं. पण गाईडमध्ये (कार्यक्रमांच्या यादीत) त्या चॅनेलपुढे रात्रंदिवस एकच ओळ: 'माहिती उपलब्ध नाही'. रेकॉर्डिंग कार्यक्रमाच्या नावावर लागतं, नावच नाही म्हटल्यावर बॉक्स ढिम्म बसून राहतो. चित्र फुकट हवेतून येतंय, मग त्याच्याबरोबरची यादी कुठे गेली? ती मुद्दाम काढून घेतली का?

वाकडेवाडी_लोकल | रात्री ९:३०

सासऱ्यांना मोकळ्या चौकटी भरायला आवडतात. गाईडमध्ये सगळ्या चौकटी मोकळ्या आहेत. अडचण नक्की काय आहे? (दिवा घ्या)

मुग्धा_ओहायो | रात्री ९:३४

घेतला. बाबांना वाचून दाखवलं, तेही हसले. आता उत्तर द्या कुणीतरी.

एडिसन_कट्टा | रात्री ९:५१

अर्थात मुद्दाम! यादी राहू दिली तर तुम्ही अँटेनावर आनंदात राहाल आणि स्टेशनवर चिडणार नाही. ग्राहक चिडलेला हवा असतो दोघांनाही. आमच्याकडे बिलात 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' म्हणून वेगळी ओळ असते, महिन्याला वीस डॉलरच्या वर. चॅनेल गेलं तेव्हा ती फी मात्र बिलावर तशीच. फोन केला तर म्हणे ती 'सरासरी' आहे.

निवृत्त_सिग्नल | रात्री १०:४०

एडिसनराव, मुद्दाम म्हणण्याइतकी अक्कल मी तरी त्या बॉक्सला देणार नाही. जरा इस्कटून सांगतो. लांब होईल.

तुमच्या डिशच्या बॉक्समधलं गाईड अँटेनातून येत नाही. ते उपग्रहावरून नाहीतर इंटरनेटवरून, कंपनीच्या स्वतःच्या यादीतून येतं. कंपनी ती यादी विकत घेते. या धंद्यातलं मोठं नाव ग्रेसनोट, आता निल्सनच्या मालकीचं. आता तुम्ही अँटेना लावली की बॉक्स हवेतलं, समजा, ७.१ नंबरचं चॅनेल बघतो आणि म्हणतो, 'हे तर आपल्याकडचंच अमुक लोकल चॅनेल,' आणि त्या लोकलची यादी उचलून इथे चिकटवतो. भांडणात कंपनीने ते लोकल चॅनेल आपल्या यंत्रणेतून काढलं की चिकटवायला काही उरत नाही. वरची खुंटी काढली, खालचा सदरा पडला. काही बॉक्समध्ये खुंटी वेगळी असते आणि यादी टिकते, काहींत नाही.

गंमत अशी की स्टेशन स्वतः हवेतून यादी पाठवतंच. चित्राबरोबर पीएसआयपी नावाची तक्त्यांची एक बारीक धार असते. त्यात घड्याळ, चॅनेलचा दाखवायचा नंबर आणि कार्यक्रमांचे तक्ते. एक तक्ता ३ तासांचा. किमान ४ तक्ते पाठवायचेच, म्हणजे १२ तास. जास्तीत जास्त १२८ पाठवता येतात, म्हणजे १६ दिवसांची यादी हवेतून येऊ शकते. बहुतेक स्टेशनं एवढा उत्साह दाखवत नाहीत. पण १२ तास नक्की मिळतात, आणि सासऱ्यांच्या कार्यक्रमाला तेवढे पुरे.

तेव्हा आधी एक करा. अँटेनाच्या वायरला स्प्लिटर लावून एक टोक डिशच्या बॉक्सकडे राहू द्या, दुसरं थेट टीव्हीला लावा, टीव्हीचा स्वतःचा ट्यूनर चालू करून स्कॅन करा आणि टीव्हीचं गाईड उघडा. यादी दिसेल. एक अट आहे: प्रत्येक स्टेशन फक्त स्वतःचीच यादी पाठवतं, त्यामुळे टीव्हीने त्या स्टेशनला एकदा भेट दिल्याशिवाय त्याची ओळ भरत नाही. सकाळी सगळ्या चॅनेलवरून एक प्रदक्षिणा घालून या, प्रत्येकावर अर्धा मिनिट थांबा.

आणि एकदा नीट स्कॅन झालं की ते बटण पुन्हा दाबायचं नाही. स्कॅन जुनी यादी पुसून नव्याने शोधतं. त्या क्षणी हवा वाईट असेल तर चांगली चॅनेलंही गेली.

मुग्धा_ओहायो | रात्री १०:५८

काका, _/\_. खुंटी आणि सदरा लक्षात राहील. पण टीव्हीवर रेकॉर्डिंग होत नाही ना?

निवृत्त_सिग्नल | रात्री ११:०५

नाही. त्याला वेगळा डबा लागेल, किंवा डिशच्या बॉक्सवर नावाऐवजी वेळ घालून टायमर लावा. सेटिंगमध्ये 'मॅन्युअल' शोधा. चॅनेल, वार, किती ते किती. व्हीसीआरला लावायचो तसा.

फिलीची_पाहुणी | बुधवार, सकाळी ७:२०

यादी नंतर, आधी चित्र येतंय ते नशीब समज मुग्धा. आमचं रामायण ऐक.

फिलाडेल्फियात एबीसी (इथलं एक मोठं नेटवर्क) म्हणजे ६ नंबर. दुकानातून तो कागदासारखा सपाट अँटेना आणला, खोक्यावर लिहिलेलं '६० मैल'. टॉवर आमच्यापासून १८ मैल. सगळं आलं, ६ नाही. खिडकी बदलली, भिंत बदलली, अँटेना फ्रिजवर ठेवून झाला, पडद्याला सेफ्टी पिनने लावला. नाही म्हणजे नाही. शेवटी ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने हसत सांगितलं की बहुतेक स्टेशनं दाखवतात एक नंबर आणि वाजतात, म्हणजे खरं प्रक्षेपण करतात, दुसऱ्यावर, पण हे ६ खरोखर ६ वरच आहे. त्या लहरीची लांबी साडेतीन मीटर! तुझा कागद आहे बारा इंच.

मग गराज सेलमध्ये दोन डॉलरचे जुने सशाचे कान (दोन दांड्यांचा अँटेना) मिळाले. दोन्ही पूर्ण ताणून आडवे केले आणि ६ ठणठणीत. नवरा म्हणाला चाळीस डॉलरचा कागद परत कर. पावती कुठे होती!

निवृत्त_सिग्नल | सकाळी ७:४४

पाहुणीबाई, तुमच्या सहकाऱ्याला माझा नमस्कार सांगा. खरा ६ म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ, एफएमच्या अगदी शेजारी. हे कान ताणणं म्हणजे अर्ध्या लहरीइतकी, साधारण साडेपाच फुटांची दांडी करणं. या पट्ट्यात घरातला स्वस्त एलईडी दिवासुद्धा खरखर करतो. ६ अडखळलं तर आधी दिवा बंद करून बघा.

फिलीची_पाहुणी | सकाळी ८:०२

एफएमच्या शेजारी! म्हणूनच! २००४ ला आम्ही आलो तेव्हा गाडीच्या रेडिओवर ८७.७ लावलं की ६ नंबरच्या बातम्या ऐकू यायच्या. मी समजायचे की त्यांचं रेडिओ स्टेशन आहे. २००९ च्या जूनमध्ये एक दिवस अचानक बंद.

निवृत्त_सिग्नल | सकाळी ८:०६

१२ जून २००९. त्या दिवसापर्यंत सगळी मोठी स्टेशनं डिजिटल झाली, आवाजाची ती वेगळी लहर संपली.

फ्रीमाँटचा_फणस | सकाळी ९:१५

बे एरियात आमचं एबीसी (७.१) दाखवतं ७, पण वाजतं १२ वर. सुट्रो टॉवर ९७७ फूट उंच, घर आणि टॉवर यांच्यात टेकड्या. बाकी सगळी चॅनेलं अ‍ॅटिकमधून, आणि हे एक छपरावर गेल्यावर. छपरावर गेल्यावर एचओएचं (आमच्या सोसायटीचं) पत्र. त्यावर आणखी एक कथा आहे.

वाकडेवाडी_लोकल | सकाळी ९:२१

सांगा की, पॉपकॉर्न फुटतायत.

फ्रीमाँटचा_फणस | सकाळी ९:४८

पत्रात लिहिलं होतं, 'छपराच्या सौंदर्याला बाधा येते'. सात दिवसांत उतरवा नाहीतर दंड. मी उत्तरात एफसीसीचा (इथल्या दूरसंचार नियामकाचा) १९९६ चा ओटीएआरडी नियम जोडला: स्वतःच्या ताब्यातल्या जागेत टीव्हीचा अँटेना लावायला सोसायटी आडकाठी करू शकत नाही. डिशला एक मीटरची मर्यादा आहे, साध्या टीव्ही अँटेनाला तीही नाही. पुढच्या मीटिंगमध्ये अध्यक्षबाईंनी विषयच काढला नाही. महिन्याभराने त्यांच्याच यजमानांनी मला कुंपणापाशी गाठून हळूच विचारलं, 'कुठला घेतलास?'

बेडेकर_मिसळ | सकाळी १०:३०

पुण्यातून विचारतो. अमेरिकेत २०२६ साली लोक अ‍ॅटिकमध्ये अँटेना लावतायत? आम्ही तो भंगारात देऊन जमाना झाला.

आमच्या लहानपणी सगळ्या सदाशिव पेठेच्या गच्च्यांवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचे. १९७३ मध्ये गडावरच्या टॉवरवरून मुंबई दूरदर्शन इथे दिसायला लागलं. नवख्या माणसाला पत्ता सांगताना आजोबा म्हणायचे, 'अँटेनाच्या पाठीमागच्या दिशेने चालत या.' दिशा चुकायची नाही.

एडिसन_कट्टा | सकाळी १०:४१

मिसळराव, तुमच्याकडे भांडणं होत नाहीत का? तुम्ही काय लावता तेव्हा?

बेडेकर_मिसळ | सकाळी ११:१०

होतात की. फेब्रुवारी २०२३. नव्या दरांवर सही न करणाऱ्या केबलवाल्यांचं सिग्नल तीन मोठ्या ब्रॉडकास्टरनी १८ तारखेला कापलं. दिल्ली कसोटी चालू! दुसऱ्या दिवशी सकाळी जडेजाने ७ गडी घेतले आणि मी ते मोबाइलवर नुसत्या आकड्यांत वाचले. केबलवाला फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, 'साहेब, मीपण बघत नाहीये.' पाच-सहा दिवसांनी सगळं परत आलं. जडेजा काय परत तसा टाकणार नव्हता.

तुळशीबाग_टू_टेक्सास | सकाळी ११:३२

+१ जडेजासाठी.

माझ्या आत्याकडे (सोलापूर) डीडी फ्री डिश आहे. तिकडे उलटं होतं, चॅनेलवालेच उठून जातात. १ मार्च २०१९ ला झी अनमोल, स्टार उत्सव वगैरे गेले, २०२० मध्ये परत आले, २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेले. आत्या म्हणते, माहेरी आलेल्या लेकींसारखं आहे, आल्या म्हणजे राहतीलच असं नाही.

मुग्धा_ओहायो | दुपारी १२:०५

धागा सोलापूरला गेला. परत आमच्या ओहायोतल्या डब्लिनला आणते. मॅन्युअल टायमर सापडला. सोम ते शुक्र लावलाय, पुढेमागे पाच मिनिटं जास्त ठेवून. आज रात्री कळेल.

पण मला एक कळलं नाही. हवेतून फुकट येतं तर डिशवाल्याने पैसे द्यायचेच कशाला?

एडिसन_कट्टा | दुपारी १२:४०

१९९२ चा कायदा. त्यानुसार दर तीन वर्षांनी प्रत्येक स्टेशनला दोनातलं एक निवडायचं असतं. एक, 'मला दाखवलंच पाहिजे', पण मग पैसे मिळत नाहीत. दुसरं, 'परवानगी घ्या', मग पैसे मागता येतात आणि पटलं नाही तर सिग्नल काढून घेता येतं. जिथे अमेरिकन फुटबॉल आहे ते स्टेशन दुसरंच निवडणार. आणि चॅनेलवाले आणि केबल-डिशवाले यांच्या भांडणांच्या तारखा बघा: २०१३ ला सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबल, ऑगस्टची २ ते सप्टेंबरची २. २०२३ ला डिस्नी आणि चार्टर, ३१ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर. २०२४ ला डिस्नी आणि डायरेक्टीव्ही, १ ते १४ सप्टेंबर. २०२५ ला डिस्नी आणि यूट्यूब टीव्ही, ३० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर. सगळी भांडणं फुटबॉलच्या तोंडावर नाहीतर ऐन मोसमात. आमच्याकडे ऐन लगीनसराईत वाजंत्रीवाले अडून बसायचे, तसं.

निवृत्त_सिग्नल | दुपारी १:१५

वाजंत्री बरोबर आहे, पण सगळा दोष स्टेशनवर टाकू नका. पूर्वी केबलवाल्यांनी वर्षानुवर्षं हेच सिग्नल फुकट उचलून ग्राहकांना विकलं, त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या. बातम्यांची गाडी, निवेदक, हवामानाचा रडार याला पैसे लागतात. मी त्या बाजूने पगार घेतलाय, हे लपवत नाही.

एडिसन_कट्टा | दुपारी १:२८

काका, मान्य. पण मग ग्राहकाने स्वतःच अँटेना भाड्याने घ्यायचा म्हटलं तर तेही चाललं नाही ना? एरिओ आठवतं का? ब्रुकलिनमध्ये नाण्याएवढे हजारो अँटेना एका इमारतीत लावले, प्रत्येक ग्राहकाला एक, चित्र इंटरनेटवर. मी होतो त्यांचा ग्राहक. २०१४ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, चालणार नाही. नंतर लोकास्ट आलं, ना-नफा. तेही २०२१ च्या सप्टेंबरमध्ये बंद. म्हणजे अँटेना माझ्या छपरावर असेल तरच माझा!

तुळशीबाग_टू_टेक्सास | दुपारी १:३०

म्हणजे पुन्हा एचओए.

पेंग्विनप्रेमी | दुपारी २:५०

यादीवर बोलतो, कारण चित्राचं रडगाणं सगळेच गातात. खरी दुखरी नस यादी आहे. माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरवर मिथटीव्ही (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चालायचं. यादी झॅप२इटकडून फुकट. २००७ मध्ये त्यांनी ती बंद केली. तेव्हा आमच्यासारख्याच लोकांनी शेड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था काढली, थोडी वर्गणी, यादी चालू. मग बायको म्हणाली साधं काहीतरी आण, म्हणून विंडोज मीडिया सेंटर लावलं. २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने त्याचं गाईड बंद केलं. मग टिवोचा रेकॉर्डिंगचा डबा. २०२५ मध्ये टिवोने डबे विकणंच बंद केलं. प्रत्येक वेळी ट्यूनर ठणठणीत, अँटेना ठणठणीत, आणि डबा मेला तो नुसत्या यादीमुळे.

आता एचडीहोमरन आहे. अँटेनाची वायर डब्यात, डबा राउटरला, घरातल्या कुठल्याही टीव्हीवर चित्र. यादी डिश कंपनीकडून येत नाही, त्यामुळे त्यांच्या भांडणाचा त्रास नाही. टॅब्लोही तसाच, नव्या टॅब्लोला यादीची वेगळी वर्गणी नाही. मुग्धाताई, सासऱ्यांसाठी टॅब्लो सोपा पडेल.

वाकडेवाडी_लोकल | दुपारी ३:०४

बायको म्हणाली साधं काहीतरी आण आणि तुम्ही मीडिया सेंटर लावलंत. संसार टिकलाय ना?

पेंग्विनप्रेमी | दुपारी ३:०६

तिच्याकडे वेगळा टीव्ही आहे.

मुग्धा_ओहायो | गुरुवार, रात्री १०:२०

अपडेट. कालचं रेकॉर्डिंग झालं! यादीत नाव 'माहिती उपलब्ध नाही', पण आत कार्यक्रम पूर्ण. बाबांनी वहीत तारीख लिहून ठेवली, कारण डीव्हीआरमध्ये आता सगळी रेकॉर्डिंग एकाच नावाची दिसणार.

आज मात्र आमच्याकडे वादळाचा इशारा होता. रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण अर्धा तास हवामानवाला लाल-पिवळ्या नकाशासमोर हात फिरवतोय. बाबांनी तो संपूर्ण बघितला आणि म्हणाले, 'माणूस अभ्यासू आहे.'

टॅब्लो मागवलाय. तोवर नकाशा.

निवृत्त_सिग्नल | रात्री १०:३३

तो इशारा कुठल्याच यादीत आला नसता, डिशच्या नाही आणि हवेतल्याही नाही. त्यामुळे टायमरला दोष नाही. वादळात अँटेनाचं ग्राउंडिंग केलंय ना?

मुग्धा_ओहायो | रात्री १०:३५

अ‍ॅटिकमध्ये आहे, तरी करायचं?

निवृत्त_सिग्नल | रात्री १०:४१

अ‍ॅटिकमध्ये सक्ती नसते, छपरावर मात्र हवंच. फणसराव, तुम्ही वाचताय ना?

फ्रीमाँटचा_फणस | रात्री १०:५०

वाचतोय. उद्या करतो.

नवीन_सभासद_७७ | शुक्रवार, सकाळी ६:१५

छान चर्चा. डीडी फ्री डिश अमेरिकेत लावता येईल का? आईला सह्याद्री बघायचं असतं.

बेडेकर_मिसळ | सकाळी ६:४०

तो उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. तुमच्याकडून बघायला गेलं तर पृथ्वीच्या पलीकडे. आईला घेऊन इकडेच या.

मुग्धा_ओहायो | सकाळी ८:५५

काका, घोटाळा झालाय. वादळ अजून गेलेलं नाही. आम्ही उठायच्या आधी बाबांना टीव्हीच्या मेनूमध्ये 'स्कॅन' दिसलं, त्यांना वाटलं यादी ताजी होते. काल ५८ चॅनेलं होती, आता ११ आहेत. त्यांचं त्यात नाही. ते सोफ्यावर वही घेऊन गप्प बसलेत आणि नवरा शिडी काढतोय.

निवृत्त_सिग्नल | सकाळी ९:०२

शिडी ठेवून द्यायला सांगा. ढग गेले की तेच बटण पुन्हा, एकदाच. आणि डिशच्या बॉक्सच्या ट्यूनरची यादी वेगळी असते, ती शाबूत असेल. टायमर तिथे आहे, म्हणजे आजचा भाग मिळेल. बाबांना सांगा.

मुग्धा_ओहायो | सकाळी ९:०८

सांगितलं. विचारतायत, आज हवामानवाला येणार आहे का?